गवत, हिरवळ आणि मधला काळ : एका हिब्रू नीतिसूत्राचा अर्थविचार

१. प्रास्ताविक

एखादे सुवचन मूळ संदर्भापासून सुटे होऊन लोकांच्या तोंडी रुळले की त्याचा अर्थ बदलतो, ही गोष्ट म्हणी आणि सुभाषिते यांच्या अभ्यासकांना परिचित आहे. सुटे झालेले सुवचन अधिक व्यापक होते. परंतु मूळ ठिकाणी ते ज्या विचाराला बांधलेले असते, तो विचार अनेकदा मागे राहतो. हिब्रू बायबलमधील ‘नीतिसूत्रे’ या ग्रंथाच्या सत्ताविसाव्या अध्यायातील पंचविसावे वचन याचे उत्तम उदाहरण आहे. गवत निघून जाते, कोवळी हिरवळ दृष्टीस पडते आणि डोंगरावरील वनस्पती गोळा होतात, एवढाच या वचनाचा आशय आहे. त्यात उपदेश नाही, उपमा नाही, आज्ञाही नाही. एकटे वाचले असता ते साहजिकच दिलाशाचे वचन वाटते : जुने गेले तरी नवे येतेच, हानीनंतर लाभ ठरलेलाच आहे.

मूळ हिब्रू शब्दयोजना, वचनाची संदर्भचौकट आणि ज्या भूमीत ते निर्माण झाले तेथील ऋतुमान यांचा एकत्रित विचार केल्यास हा दिलाशाचा अर्थ कितपत टिकतो, याचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्याच्या अनुषंगाने हे वचन मराठीत आणताना भाषांतरकारापुढे कोणते पर्याय असतात, याचाही विचार केला आहे. हिब्रूच्या अभ्यासाला मराठीत जुनी परंपरा आहे. कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल समाजाला उपयोगी पडावे म्हणून जॉन विल्सन यांनी हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीतून सांगणारे पुस्तक १८३२ मध्ये मुंबईत प्रसिद्ध केले. पुढे पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमधून ते भाषांतर ग्रंथरूपाने बाहेर पडले. हिब्रू वचनाचा मराठीच्या अंगाने विचार करण्याला म्हणूनच ऐतिहासिक आधार आहे.

२. वचनाची संदर्भचौकट

‘नीतिसूत्रे’ या ग्रंथाचे पंचविसावा ते एकोणतिसावा हे अध्याय एक स्वतंत्र संग्रह मानले जातात. यहूदाचा राजा हिज्कीया याच्या माणसांनी ही सूत्रे उतरवून घेतली, अशी नोंद पंचविसाव्या अध्यायाच्या आरंभीच आहे. हिज्कीयाचा काळ इसवी सनपूर्व आठव्या शतकाच्या अखेरीचा व सातव्या शतकाच्या आरंभाचा. या संग्रहातील बहुतेक सूत्रे दोन चरणांची आणि स्वयंपूर्ण आहेत. एका सूत्राचा पुढच्या सूत्राशी अर्थसंबंध असेलच असे नाही. सत्ताविसाव्या अध्यायाचा शेवट मात्र याला अपवाद आहे. तेविसाव्यापासून सत्ताविसाव्यापर्यंतची पाच वचने मिळून एक सलग लघुकाव्य तयार होते. प्रस्तुत वचन या लघुकाव्याच्या बरोबर मध्यभागी येते.

या पाच वचनांची विचाररेषा अशी आहे. प्रथम आज्ञा येते : आपल्या मेंढरांची स्थिती नीट जाणून घे, कळपांकडे मन लाव. दुसऱ्या वचनात आज्ञेचे कारण येते : साठवलेले धन कायमचे नसते, आणि राजमुकुटही पिढ्यानुपिढ्या टिकतो असे नाही. तिसरे वचन गवताचे. चौथ्या व पाचव्या वचनांत फळ सांगितले आहे : कोकरांपासून वस्त्र मिळते, बोकडांच्या मोलातून शेत घेता येते आणि शेळ्यांचे दूध घरातील सर्वांना, अगदी घरकाम करणाऱ्या मुलींनाही, पुरेसे होते.

या मांडणीत दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली, आज्ञेतील शब्दयोजना. ‘जाणणे’ या धातूची दोन रूपे शेजारीशेजारी ठेवून हिब्रूमध्ये क्रियेवर भर दिला जातो. येथे तशीच रचना आहे. शिवाय जाणावयाचे ते मेंढरांचे ‘मुख’ होय. ‘मुख’ या हिब्रू शब्दाचा अर्थ येथे स्थिती वा अवस्था असा होतो. तरीही कळपातील एकेक जनावर चेहऱ्याने ओळखणाऱ्या मेंढपाळाचे चित्र त्या शब्दामागे राहतेच. दुसरी गोष्ट, मुकुटाचा उल्लेख. साध्या पशुपालकाला केलेल्या उपदेशात राजमुकुट कशासाठी, असा प्रश्न अभ्यासकांना पडला आहे. ब्रूस मॅल्कॉव्ह यांनी १९८५ मध्ये हे लघुकाव्य पुढील दोन अध्यायांची प्रस्तावना आहे आणि ते दोन अध्याय भावी राजांसाठी रचलेली मार्गदर्शिका आहेत, असे मत मांडले. रेमंड व्हॅन ल्यूवेन यांनीही १९८८ मधील आपल्या अभ्यासात पंचविसावा ते सत्ताविसावा या अध्यायांतील सूत्रे परस्परांच्या संदर्भात वाचण्यावर भर दिला. प्राचीन पश्चिम आशियात राजाला मेंढपाळ म्हणण्याचा प्रघात सर्वत्र होता, हे लक्षात घेता या मतांना बळ मिळते. तथापि, राजाचा संदर्भ स्वीकारला तरी खरी मेंढरे आणि खरे गवत त्यामुळे नाहीसे होत नाही. रूपक उभे राहते ते वस्तुस्थितीच्याच आधारावर.

३. तीन क्रियापदे

प्रस्तुत वचनात तीन क्रियापदे आहेत आणि अर्थाचा सारा भार त्यांच्यावर आहे. पहिले ‘गाला’. ग-ल-ह या धातूचे दोन अर्थ हिब्रूमध्ये रूढ आहेत : ‘उघडे करणे, प्रकट करणे’ आणि ‘निघून जाणे, देशोधडीला लागणे’. ‘नीतिसूत्रे’ ग्रंथातच गुप्त गोष्ट उघड करणाऱ्या चहाडखोराचे वर्णन करताना हा धातू पहिल्या अर्थाने आला आहे (२०:१९). दुसऱ्या अर्थाने तो इतरत्र वारंवार येतो. पहिल्या शमुवेलाच्या चौथ्या अध्यायात कराराचा कोश शत्रूच्या हाती गेल्यावर इस्राएलाचे वैभव गेले असे म्हटले आहे, तेथे हेच क्रियापद आहे. देशाचा आनंद निघून गेला असे यशया (२४:११) म्हणतो, तेथेही तेच. हद्दपारीला ‘गालूत’ म्हणतात ते याच धातूवरून.

प्रस्तुत वचनात गवत ‘प्रकट झाले’ की ‘निघून गेले’? हा केवळ कोशाचा प्रश्न नाही. पहिला अर्थ घेतला तर वचनातील पहिले दोन अंश एकच गोष्ट सांगतात : गवत उगवते, हिरवळ दिसते. दुसरा अर्थ घेतला तर त्यांच्यात विरोध आणि क्रम निर्माण होतो : एक जाते, दुसरे येते. व्याकरण दुसऱ्या अर्थाच्या बाजूने आहे. साध्या गणात हा धातू ‘प्रकट करणे’ या अर्थाने येतो तेव्हा त्याला कर्म लागते, कारण काहीतरी उघडे केले जाते. कर्म नसताना त्याचा अर्थ ‘निघून जाणे’ असा होतो. ‘प्रकट होणे’ हा अर्थ अभिप्रेत असता तर कर्मणी अर्थाच्या ‘निफाल’ गणातील ‘निग्ला’ हे रूप अपेक्षित होते. दुसरे क्रियापद त्याच गणात आहे. पहिले मात्र नाही. रूपांमधील हा भेद सहेतुक मानणे सयुक्तिक ठरते.

दुसरे क्रियापद ‘निर्आ’ म्हणजे ‘दिसले’. ‘पाहणे’ या धातूचे हे निफाल रूप आहे. सृष्टीच्या आरंभी पाणी एकत्र होऊन कोरडी जमीन दिसू लागते (उत्पत्ती १:९) किंवा हिवाळा सरल्यावर भूमीवर फुले दिसू लागतात (गीतरत्न २:१२), तेथे याच क्रियापदाची रूपे आहेत. ‘उगवणे’ या अर्थाचे स्वतंत्र धातू हिब्रूमध्ये असताना येथे ‘दिसणे’ योजले आहे, याकडे दुर्लक्ष करता येत नाही. उगवणे हे जमिनीचे काम. दिसणे मात्र पाहणाऱ्यावाचून पूर्ण होत नाही.

तिसरे क्रियापद ‘नेएस्फू’, म्हणजे ‘गोळा केल्या गेल्या’. अ-स-फ या धातूपासून ‘आसिफ’ हा सुगीच्या सणाचा शब्द तयार झाला आहे. हा सण वर्ष सरतेवेळी येतो, असे निर्गम (२३:१६) सांगते. मृत्यूचे वर्णन करतानाही हाच धातू वापरला जातो : अब्राहाम आपल्या पूर्वजांकडे ‘गोळा झाला’ (उत्पत्ती २५:८). त्यामुळे शेवट आणि साठवण या दोन्ही अर्थच्छटा या क्रियापदाला आहेत.

तिन्ही क्रियापदांत एक समान गोष्ट आहे. कर्ता माणूस असल्याचे एकातही सांगितलेले नाही. गवत कोणी कापले, हिरवळ कोणी पाहिली, डोंगरावरील वनस्पती कोणी गोळा केल्या, याविषयी वचन मौन पाळते. या लघुकाव्याच्या आरंभी श्रोत्याला थेट ‘तू’ म्हणून आज्ञा आहे, आणि शेवटी मिळणारे वस्त्र व अन्नही ‘तुझे’ आहे. मध्ये मात्र ‘तू’ नाही. हे मौन कसे समजावे, हा या वचनाच्या अर्थनिर्णयातील कळीचा प्रश्न होय.

४. तीन वनस्पतिवाचक शब्द

पहिला शब्द ‘हात्सीर’. त्याचे भाषांतर अनेकदा ‘वाळलेले गवत’ असे केले जाते. परंतु बायबलमधील त्याच्या उपयोगांवरून तो मुख्यतः जनावरांनी खावयाच्या, आपोआप उगवणाऱ्या गवताचा वाचक आहे असे दिसते. देव गुरांसाठी हात्सीर उगवतो (स्तोत्र १०४:१४), पर्वतांवर तो वाढवतो (स्तोत्र १४७:८). दुष्काळात अहाब राजा घोडे व खेचरे जगवण्यासाठी हात्सीर शोधत फिरतो (१ राजे १८:५). गणना (११:५) मध्ये हाच शब्द कांद्याच्या जातीच्या एका भाजीसाठी आला आहे, पण तो उपयोग निराळा. त्याचबरोबर हात्सीर हे क्षणभंगुरतेचे रूढ प्रतीकही आहे. यशयाच्या चाळिसाव्या अध्यायात मानवजातीला सुकून जाणाऱ्या हात्सीराची उपमा दिली आहे, आणि स्तोत्रांतही मनुष्याच्या आयुष्याविषयी हीच उपमा पुन्हा येते.

हे प्रतीक ध्यानी घेतले म्हणजे चोविसाव्या व पंचविसाव्या वचनांमधील दुवा स्पष्ट होतो. धन टिकत नाही, मुकुट टिकत नाही. आणि लगेच गवताचे नाव निघते. श्रोत्याला वाटते, नश्वरतेचे आणखी एक उदाहरण आले. परंतु वाक्य तेथे थांबत नाही. गेलेल्या गवताच्या जागी हिरवळ येते; गेलेल्या मुकुटाच्या जागी काही येते, असे मात्र सूत्रकार म्हणत नाही. गवत आणि धन दोन्ही जाणारी. परंतु गवताच्या जाण्यानंतर काही उरते, हा फरक नश्वरतेच्या ओळखीच्या प्रतीकातूनच दाखवला आहे.

दुसरा शब्द ‘देशे’ म्हणजे नुकतीच उगवलेली, कोवळी हिरवळ. सृष्टीच्या कथेत भूमी प्रथम देशे उगवते (उत्पत्ती १:११). दाविदाच्या अखेरच्या वचनांत न्यायाने राज्य करणाऱ्याची तुलना पावसानंतरच्या उन्हात उगवणाऱ्या देशेशी केली आहे (२ शमुवेल २३:४). परंतु या शब्दाचे खरे गांभीर्य कळते ते यिर्मयाच्या चौदाव्या अध्यायातील अवर्षणाच्या वर्णनावरून. तेथे हरिणी नुकतेच जन्मलेले पाडस टाकून जाते, कारण देशे नाही. रानगाढवांची दृष्टी मंदावते, कारण ‘एसेव’ नाही. नव्या हिरवळीचे दिसणे हा शोभेचा विषय नव्हता. कळप जगणार की मरणार, हे त्यावर ठरत असे.

तिसरा शब्द हा एसेवच, परंतु येथे तो अनेकवचनात आहे : ‘इस्सवोत’, डोंगरांच्या वनस्पती. हे अनेकवचनी रूप हिब्रू बायबलमध्ये केवळ याच ठिकाणी आढळते. एकाच जातीच्या गवताचे रान नव्हे, तर उतारावर ठिकठिकाणी उगवलेल्या नाना प्रकारच्या वनस्पती त्यातून सूचित होतात. नांगराखाली न येणाऱ्या जमिनीवरूनही हाताला लागेल ते गोळा करावे लागते, असा त्याचा व्यावहारिक अर्थ.

५. ऋतुमान आणि मधला काळ

या वचनातील घटनाक्रम नेमका कोणत्या काळातला? यहूदाच्या डोंगराळ प्रदेशात पाऊस साधारणतः ऑक्टोबर ते एप्रिल या काळात पडतो. यरुशलेम येथे वर्षाला सुमारे ५५० मिलिमीटर पाऊस होतो आणि मे ते सप्टेंबर हे महिने जवळजवळ कोरडे जातात. एप्रिल-मे मध्ये रानातील गवत सुकते आणि पुढील पावसापर्यंत नवे उगवत नाही. युरोपातील कुरणांप्रमाणे उन्हाळ्यात गवत कापले आणि उन्हाळी पावसाने लगेच पुन्हा हिरवळ आली, असे तेथे घडत नाही.

त्यामुळे दोन शक्यता संभवतात. पहिली अशी की गवत जाणे आणि हिरवळ दिसणे यांच्यामध्ये संपूर्ण कोरडा उन्हाळा आहे. तसे असेल, तर ‘आणि’ या अर्थाच्या एका छोट्या हिब्रू उपसर्गात चार-पाच महिन्यांची उपासमारीची धास्ती सामावली आहे. दुसरी शक्यता अशी की हा क्रम पावसाळ्याच्या आतलाच आहे : सखल भागातील पहिले गवत निघाल्यावर तेथेच पुन्हा फुटवा येतो, आणि उंचावरील वनस्पती उशिरा वाढत असल्याने त्यांची गोळाबेरीज त्यानंतर होते.

या दुसऱ्या शक्यतेला आमोसाच्या ग्रंथाचा आधार मिळतो. तकोवा येथील मेंढपाळांपैकी एक असलेल्या आमोसाला दिसलेल्या एका दृष्टान्तात (७:१) टोळधाड येते ती ‘लेकेश’ म्हणजे मागाहून येणारा फुटवा वर येऊ लागण्याच्या वेळी. आणि हा फुटवा राजाच्या कापणीनंतरचा आहे, असा खुलासा तेथेच केला आहे. गेझेर येथे १९०८ मध्ये मॅकॅलिस्टर यांना उत्खननात सापडलेल्या आणि सध्या इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात असलेल्या इसवी सनपूर्व दहाव्या शतकातील कृषिपंचांगातही हा शब्द येतो. त्या चुनखडीच्या छोट्या फलकावर दोन महिने ‘आसिफ’, दोन महिने पेरणी, नंतर दोन महिने ‘लेकेश’ असा क्रम दिला आहे. पंचांगात हा शब्द उशिराच्या पेरणीसाठी आहे, असे सामान्यतः मानतात. म्हणजे हा काळ ऐन हिवाळ्याचा, पाऊस चालू असतानाचा ठरतो.

आमोसाच्या दृष्टान्तातील भय समजून घेण्यासारखे आहे. पहिली कापणी राजाची असेल, तर प्रजेच्या जनावरांच्या वाट्याला मागाहूनचा फुटवाच उरतो. त्यावर टोळ आले की सर्वच संपते. ‘नीतिसूत्रे’ ग्रंथातील वचनात राजाच्या कापणीचा उल्लेख नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु मुकुटाच्या अशाश्वततेनंतर लगेच गवत निघून जाण्याचा उल्लेख येतो, तेव्हा ही कापणीची प्रथा माहीत असलेल्या श्रोत्याच्या मनात तिची आठवण जागी होणे अशक्य नव्हते. दोहोंपैकी कोणतीही शक्यता स्वीकारली, तरी एक निष्कर्ष समान राहतो. जुने गवत आणि नवी हिरवळ यांच्यामध्ये एक अनिश्चित काळ आहे आणि त्या काळाविषयी वचन काहीही आश्वासन देत नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला हा मधला काळ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पावसाळा संपल्यावर कापलेल्या गवताची गंजी रचली जाते आणि पुढील मृगापर्यंत जनावरे तिच्यावर व कडब्यावर काढावी लागतात. महिने निराळे असले तरी एका पावसापासून दुसऱ्या पावसापर्यंत चारा पुरवण्याची विवंचना तीच आहे.

६. प्राचीन व अर्वाचीन भाषांतरांची साक्ष

मूळ वचनातील मौन भाषांतरकारांना किती अडचणीचे वाटले, हे पाहणे उद्बोधक आहे. ‘सेप्तुआजिंट’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या प्राचीन ग्रीक भाषांतरात विधानाचे आज्ञेत रूपांतर झाले आहे : शेतातील हिरवाईची काळजी घे, म्हणजे तू गवत कापशील, डोंगरावरील चारा गोळा कर. पुढील वचन ‘म्हणजे तुला वस्त्रासाठी मेंढरे मिळतील’ अशा अर्थाने त्याला जोडले आहे. ग्रीक भाषांतरकाराने गाळलेला ‘तू’ परत आणला आणि निरीक्षणाचे कर्तव्य केले. जेरोमच्या लॅटिन भाषांतरात गवताऐवजी कुरणे आली आणि ती ‘उघडी झाली’. म्हणजे त्याने ‘गाला’ या धातूचा पहिला अर्थ स्वीकारला. १६११ च्या किंग जेम्स आवृत्तीतही गवत ‘दिसू लागते’. १८८५ च्या सुधारित इंग्रजी आवृत्तीत मात्र ते ‘वाहून नेले जाते’. न्यू इंटरनॅशनल व्हर्जन या १९७८ मध्ये पूर्ण झालेल्या इंग्रजी भाषांतराने संपूर्ण वचन ‘जेव्हा’ने सुरू होणारे गौणवाक्य मानून त्याचा मुख्य भाग पुढील वचनात शोधला आहे : गवत निघाले, हिरवळ आली, चारा गोळा झाला, की मग कोकरे वस्त्र देतील.

या शेवटच्या पर्यायाला हिब्रू वाक्यरचनेत आधार आहे. पंचविसाव्या वचनात तीन क्रियापदे आहेत, तर सव्विसाव्यात एकही नाही. तेथे केवळ नामे शेजारीशेजारी ठेवली आहेत. सर्व हालचाल, सर्व काळ आधीच्या वचनात आणि स्थिर झालेले फळ नंतरच्या वचनात, अशी ही योजना आहे. काळाचा टप्पा ओलांडल्याशिवाय वस्त्र आणि दूध नाही, हे वाक्याच्या घडणीतूनच कळते.

ग्रीक भाषांतरकाराने आज्ञा आणली, ती मुळाला सोडून आणली. तरीही त्याला एक गोष्ट बरोबर उमगली होती : हे वचन आरंभीच्या आज्ञेपासून तोडता येत नाही. कळपाचे मुख ‘जाणणे’ आणि हिरवळ ‘दिसणे’ या एकाच दृष्टीच्या दोन बाजू आहेत. मधल्या वचनात ‘तू’ नाही, कारण गवत जाणे आणि हिरवळ येणे माणसाच्या हाती नाही. परंतु ते ज्याला दिसावयाचे, तो पाहणारा आरंभीच्या आज्ञेने आधीच नेमलेला आहे. वचनातील मौनाचा उलगडा या रीतीने होतो.

७. मराठी रूपाचा विचार

हे वचन मराठीत आणताना तीन ठिकाणी निवड करावी लागते. पहिली निवड शब्दाची. गवताला मराठीत पर्याय विपुल आहेत. परंतु कडबा हा ज्वारीचा, पेंढा हा भाताचा. दोन्ही पिकांचे अवशेष असल्याने आपोआप उगवणाऱ्या हात्सीरासाठी ते चालत नाहीत. ‘वैरण’ आणि ‘चारा’ यांत माणसाने जनावरापुढे टाकण्याची क्रिया गृहीत आहे. ‘गवत’ हा साधा शब्दच येथे सर्वांत जवळचा ठरतो. ‘वाळलेले’ हे विशेषण जोडल्यास मुळात नसलेली माहिती जोडली जाते. देशेसाठी ‘फुटवा’ हा शब्द आकर्षक वाटला, तरी तो कापलेल्या बुडख्यातून येणाऱ्या वाढीचा वाचक असून आमोसाच्या लेकेशला अधिक शोभतो. देशेसाठी ‘कोवळी हिरवळ’ म्हणणेच युक्त.

दुसरी निवड प्रयोगाची. ‘गवत काढले’ म्हटले की काढणारा आला. ‘गवत गेले’ म्हटले की हिब्रूतील कर्त्याविषयीचे मौन राखले जाते. मराठीतील ‘दिसणे’ हे अकर्मक क्रियापद ‘निर्आ’शी नेमके जुळते. तिसऱ्या क्रियापदासाठी ‘गोळा केले जाते’ आणि ‘गोळा होते’ असे दोन पर्याय आहेत. पहिल्यात अदृश्य कर्ता आहे, दुसऱ्यात तोही नाही. निफाल रूप दोन्ही अर्थांना वाव देते. परंतु डोंगरावरील वनस्पती आपोआप गोळा होत नसल्याने पहिला पर्याय अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल.

तिसरी निवड सर्वांत महत्त्वाची. ‘गवत गेले की हिरवळ दिसते’ आणि ‘गवत गेले, हिरवळ दिसली’ या दोन मराठी वाक्यांत मोठा फरक आहे. ‘की’ने जोडलेले वाक्य नियम सांगते : एक झाले म्हणजे दुसरे होणारच. ‘पाऊस पडला की ओढा वाहतो’ यात शंकेला जागा नाही. नुसती शेजारीशेजारी ठेवलेली भूतकाळी वाक्ये मात्र पाहिलेल्या घटना सांगतात. त्या अशाच क्रमाने पुन्हा घडतील, अशी हमी ती देत नाहीत. दिलाशाचा अर्थ पहिल्या रचनेत आपोआप शिरतो. हिब्रू क्रियापदांची पूर्ण झालेल्या क्रियेची रूपे दोन्ही रचनांना अनुकूल आहेत, आणि व्याकरणाच्या बळावर एकीचा निकाल लावता येत नाही. परंतु धन व मुकुट यांच्या अशाश्वततेचे वचन लगेच आधी आलेले असता, निसर्गाच्या बाबतीत मात्र हमी दिली आहे असे मानणे संदर्भाशी विसंगत ठरते. सूत्रकाराने एका आधाराचा भरवसा काढून घेतला तो दुसऱ्यावर विसंबून निश्चिंत होण्यासाठी नव्हे. म्हणून दुसरी रचना मुळाच्या वृत्तीला अधिक जवळची आहे, असे म्हणता येईल.

नंतरच्या काळातील ज्यू वाचकाला ‘गाला’ या शब्दात हद्दपारीचा ध्वनी ऐकू येणे स्वाभाविक होते, आणि त्यातून गेलेला समाज पुन्हा बहरेल अशी आशा या वचनात वाचता येते. शब्दाला इतिहास चिकटतो, तो असा. मात्र हा अर्थ वचनाचे पुढील जीवन दाखवतो. मूळ लघुकाव्यातील गवत हे मेंढरांनी खाण्याचे गवतच आहे.

८. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की प्रस्तुत वचन ‘जुने जाते, नवे येते’ असा सर्वसामान्य दिलासा देत नाही. गवत जाणे आणि हिरवळ येणे माणसाच्या अधीन नसल्याने क्रियापदांतून त्याला वगळले आहे. परंतु हिरवळ दिसण्यासाठी, ती दिसताच कळप तेथे नेण्यासाठी आणि उतारावरील चारा वेळेवर आणण्यासाठी कोणीतरी जागेवर असावे लागते. तो माणूस आरंभीच्या आज्ञेत आहे आणि अखेरच्या फळातही आहे. ज्याने कळप ओळखला, त्याच्याच घरी दूध पुरते.

‘नीतिसूत्रे’ ग्रंथातील अनेक सूत्रे मराठी म्हणींप्रमाणे एकेकटी वाचता येतात. हे मात्र तसे नाही. त्याला पाच वचनांच्या चौकटीतून उचलले की त्यातील मधला काळ नाहीसा होतो आणि त्या काळात करावयाचे काम विसरले जाते. संदर्भासह वाचले म्हणजे तो काळ पुन्हा दिसू लागतो : गवत संपलेले आहे, हिरवळ अजून आलेली नाही आणि मेंढरे मात्र रोजच चरावयाची आहेत.